आज्ञावलीचे स्थलांतर आणि मार्गदर्शिका

स्वतःचा सर्व्हर न सांभाळता दुसऱ्याच्या यंत्रांवर आपली आज्ञावली चालवून घेण्याची सोय आज पुष्कळ संस्था वापरतात. क्लाउडफ्लेअर या अमेरिकन कंपनीने २०१७ मध्ये जाहीर केलेली ‘वर्कर्स’ ही सेवा त्यांपैकीच एक होय. तिच्या जुन्या पद्धतीत आज्ञावली ‘फेच’ या घटनेवर कान ठेवून बसे; जावास्क्रिप्टच्या २०१५ च्या प्रमाणात आलेल्या मॉड्यूल-पद्धतीत ती ‘फेच’ नावाचे फंक्शन निर्यात करते.

हा चार ओळींचा फरक कोणतीही मार्गदर्शिका दाखवील. खरी अडचण पुढे आहे. जुन्या पद्धतीत माहितीसाठ्यांची व गुप्त किल्ल्यांची नावे आज्ञावलीत सर्वत्र आपोआप उपलब्ध असत. नव्या पद्धतीत ती ‘एन्व्ह’ नावाच्या गाठोड्यात येतात, आणि ते गाठोडे मुख्य फंक्शनाच्याच हाती पडते. दूरच्या फाइलीतील साहाय्यक फंक्शनापर्यंत ते हातोहात पोचवावे लागे. एवढे एक वाक्य गाळले, की नवशिका सारे नमुन्याबरहुकूम लिहितो आणि ‘हे नाव ठाऊक नाही’ असे यंत्राचे उत्तर वाचून कपाळाला हात लावतो. दोष त्याचा नव्हे. एकाच फाइलीचा गोजिरवाणा नमुना छापणाऱ्याचा आहे!

२०२५ पासून हे गाठोडे थेट आयातही करता येते. तेव्हा जुन्या मार्गदर्शिकेत तीही भर हवी. शिवाय, उत्तर पाठविल्यावर उरलेले काम पुरे होऊ देण्याची ‘वेटअन्टिल’ ही विनंती पूर्वी घटनेकडे करीत. आता ती ‘सीटीएक्स’ या तिसऱ्या घटकाकडे करावयाची असते.