आधी झाडू, मग कीर्तन

(हिवाळी व्याख्यानमाला, इंडस्ट्रियल एरिया, चंदीगड. ध्वनिमुद्रणावरून संक्षिप्त शब्दांकन.)



पत्रिकेत विषय छापलाय, 'प्राथमिक शाळेतील सद्वर्तन आणि पर्यावरण'. मी आलोय एकच गोष्ट सांगायला: स्वच्छतेची बक्षिसं बंद करा. सोनेरी तारे, प्रमाणपत्रं, 'आदर्श विद्यार्थी'चे बिल्ले, सगळं. (हशा) पहिल्या रांगेतल्या बाई हसल्या नाहीत. त्या शिक्षिका असणार.

पर्यावरण शिक्षणाबाबतचा सर्वोच्च न्यायालयाचा १९९१ चा आदेश, शाळांमधली राष्ट्रीय हरित सेना, परिसर अभ्यासाची पुस्तकं हे तुम्हाला ठाऊकच आहे. त्यात वेळ घालवत नाही.

१९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी अमेरिकेत स्टॅनफर्डच्या बालवाडीतला एक प्रयोग प्रसिद्ध केला. मुलं मुळातच चित्रांची आवड असलेली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर सोनेरी ताऱ्याचं प्रमाणपत्र मिळेल. काहींना न सांगता नंतर दिलं, काहींना दिलंच नाही. आठवड्या-दोन आठवड्यांनी तेच रंगीत पेन समोर ठेवले, तर आधी आमिष दाखवलेली मुलं इतरांच्या निम्माच वेळ चित्रांत रमली.

मागून कुणी विचारतंय, 'कारखान्यात बोनस चालतो, मग शाळेत का नको?' इथे हा प्रश्न येणारच. अहो, आठ तास प्रेसवर कुणी हौसेनं उभं राहत नाही. सात वर्षांच्या मुलाच्या हातात झारी द्या, त्याला आवरावं लागतं. त्या हौसेला तुम्ही मजुरी लावलीत, तर मजुरी थांबल्यावर ते संपावर जाणार. (हशा)

बाई विचारतात, शाबासकीही नको का? द्या की! न सांगता दिलेल्या बक्षिसानं त्या प्रयोगातल्या मुलांची आवड घटली नव्हती. शाबासकी द्या, सौदा करू नका.

आता बिनबक्षिसाच्या हौसेचं उदाहरण, नेकचंद. तुमच्याच शहरातले, दोन मिनिटांत सांगतो. बांधकाम खात्यात रस्ते निरीक्षक. नवं चंदीगड उभं राहत होतं, त्यासाठी जुनी गावं मोडली जात होती. त्या राड्यारोड्यातल्या फुटक्या बशा, बांगड्या, फरश्यांचे तुकडे वेचून सायकलवरून न्यायचे आणि सुखना सरोवराजवळच्या जंगलात साठवायचे. सुरुवात १९५७ ची. जागा सरकारी, बांधकामाला बंदी. सापडले असते तर नोकरी गेली असती. अठरा वर्षं काम गुपचूप चाललं. १९७५ मध्ये अधिकाऱ्यांना शोध लागला. पाडायचं की ठेवायचं, यावर खल झाला आणि १९७६ मध्ये रॉक गार्डन लोकांना खुलं झालं. सरकारनं नेकचंदांना पगार दिला, हाताखाली पन्नास मजूर दिले. पुढे बागेवर बुलडोझर आले, तेव्हा चंदीगडकर आडवे आले. पद्मश्री मिळाली १९८४ मध्ये, म्हणजे कामाच्या सत्ताविसाव्या वर्षी. सांगा, बिल्ल्यासाठी एवढा कोण थांबेल?

'मग मुलांना अतिक्रमण शिकवायचं का?' नाही हो! (हशा) काम त्यांचं स्वतःचं असू द्या, एवढंच म्हणतोय. अध्यक्षांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलंय. काही गोष्टी आता सोडून देतो.

पण हे सोडणार नाही. गाडगेबाबा गावात शिरले की आधी झाडू, मग कीर्तन. आपल्या शाळांत आधी भाषण, मग घोषणा, शेवटी फोटोपुरता झाडू. एरवी तो असतो कुणाच्या हातात? शिक्षा म्हणून मस्तीखोराच्या, नाहीतर मुली म्हणून मुलींच्या. ज्या देशात कचरा उचलणं जातीला चिकटवलं गेलं, तिथे झाडू शिक्षेचा झाला की मुलं भलताच धडा शिकतात. पाळी सगळ्यांची हवी. वर्गात भंगार वेचणाऱ्या घरचं मूल असेल, तर ओल्या-सुक्याचा वर्ग त्याला घेऊ द्या. त्यातलं त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं. (टाळ्या)

चिठ्ठी आली, संपवतो. एप्रिलमध्ये नवं वर्ष सुरू होईल, तेव्हा आपापल्या मुलांच्या शाळेत जा. एक कुंडी, एक नळ, एक कचरापेटी वर्गाच्या पाळीवर सोपवायला सांगा. कुंडी सुकली तर सुकू द्या. संध्याकाळी शिपायाकडून गुपचूप पाणी घालून घेऊ नका. आणि पाळीच्या यादीत पहिलं नाव वर्गशिक्षकांचं लिहा.