जलमार्गावर धडकेचें अनुमान

भाऊच्या धक्क्यावरून रेवस किंवा मांडव्याकडे निघालेल्या उतारूला समुद्र अगदीं मोकळा दिसतो. तेथें रस्ता नाहीं, चौक नाहीं. मग दोन नौकांनीं एकमेकींवर आदळावें तरी कां, असें त्याला वाटणें साहजिक आहे. वस्तुतः न्हावा-शेवा बंदराचीं प्रचंड जहाजें, कोळ्यांचे मचवे आणि उतारूंच्या बोटी यांच्या वाटा रायगडच्या किनाऱ्यासमोर रात्रंदिवस एकमेकींस छेदीत असतात.

दुसरी नौका दूर आहे तोंवर भय नाहीं, असें नवख्याला वाटतें. जाणता तांडेल केवळ अंतरावर विसंबत नाहीं. तो दिशा पाहतो. आपल्या बोटीचा रोख व वेग कायम असतां, बसल्या जागेवरून समोरची नौका छताच्या एखाद्या खांबाच्या रेषेंत धरावी. ती खांबाच्या पुढें सरकत गेली, तर बहुधा पुढून निघून जाईल. मागें पडत गेली, तर मागून जाईल. परंतु ती त्याच रेषेंत राहून मोठी मोठी होत चालली, तर धडक ठरलेली आहे.

याचें कारण साधें आहे. समजा, एक बोट ताशीं ८ सागरी मैल वेगानें जात असून दोन्ही वाटा जेथें मिळतात तें ठिकाण तिच्यापासून २ मैलांवर आहे; दुसरें जहाज ताशीं १२ मैलांनीं येत असून त्याला ३ मैल जावयाचे आहेत. साडेसात मिनिटांनंतर हीं अंतरें १ व दीड मैल होतील. त्रिकोण लहान झाला, पण त्याचे कोन तेच राहिले; म्हणून दिशा बदलली नाहीं. पंधराव्या मिनिटास दोघेही एकाच ठिकाणीं असतील.

१९७२ सालीं ठरलेल्या व १९७७ पासून अंमलांत असलेल्या आंतरराष्ट्रीय नियमांत हीच कसोटी आहे. अपुऱ्या माहितीवरून निष्कर्ष काढूं नये, आणि शंका आल्यास धोका आहेच असें समजावें, असें ते सांगतात. इंजिनाच्या दोन नौकांच्या वाटा छेदत असतां जिच्या उजव्या हातास दुसरी असेल तिनें वाट द्यावी. तीही वेळेवर व दुसरीच्या स्पष्ट लक्षांत येईल अशा रीतीनें. अरुंद मार्गांत मात्र २० मीटरांहून लहान बोटीनें त्या मार्गाबाहेर जाऊं न शकणाऱ्या जहाजाची वाट अडवूं नये.

दृष्टि स्वच्छ असली म्हणजे भागतें असें नाहीं. ७ ऑगस्ट २०१० रोजीं न्हावा-शेव्याहून बाहेर पडणारें 'एमएससी चित्रा' आणि बंदरांत येणारें 'खलिजिया-३' हीं जहाजें दिवसाउजेडीं आदळलीं. जीवितहानि टळली, पण 'चित्रा' कलंडलें, मालाच्या पेट्या समुद्रांत पडल्या आणि तेलाचा तवंग उरण-अलिबागच्या किनाऱ्यापर्यंत गेला.

दिशेच्या कसोटीलाही मर्यादा आहेत. जहाज फार मोठें वा फार जवळ असल्यास दिशा बदलत असूनही धोका उरतो; नाळ पुढून निघून गेली तरी मागचा भाग अंगावर येऊं शकतो. तसेंच जी नौका घडीघडी वळते, तिच्या बदलत्या दिशेवरून कांहींच निश्चित ठरत नाहीं. १८ डिसेंबर २०२४ रोजीं घारापुरीकडे निघालेल्या 'नीलकमल' बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली व एकंदर १५ जणांचे प्राण गेले. इंजिनाची चाचणी चालू असतां बोटीवरील ताबा सुटला, असें नौदलानें सांगितलें.

असा प्रसंग उतारूच्या हातचा नसतो. बोट सुटण्यापूर्वींच जीवरक्षक जाकीट अंगावर चढविणें मात्र त्याच्या हातचें आहे. तांडेलाच्या हातीं आहे तें इतकेंच, कीं दुसरा चुकवील या भरंवशावर न राहतां, शंका येतांच वेग कमी करावा आणि अंतर वाढवावें. अशानें दहा मिनिटें उशीर होईल. पण त्या दहा मिनिटांत गमावण्यासारखें कांहींच नाहीं.