मॉन्ट्रियलमधले तीन निबंध



संगणकशास्त्र म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर यंत्र येतं. पण हिशेब कुठवर नेता येतो आणि कुठे अडतो, याचा शोध कागद-पेन्सिलीनं घेणारी एक विद्याशाखा आहे, तिला सैद्धांतिक संगणकशास्त्र म्हणतात. या शाखेची एक मानाची परिषद १९६९ पासून दर वर्षी भरते. नाव 'सिम्पोझियम ऑन थिअरी ऑफ कम्प्युटिंग', जाणकारांच्या तोंडी नुसतं 'स्टॉक'. एखादं उत्तर बरोबर आहे की नाही हे झटपट तपासता येत असेल, तर ते शोधूनही झटपट काढता येतं का, हा आज जगप्रसिद्ध असलेला प्रश्न १९७१ साली स्टीफन कुक यांनी याच परिषदेतल्या निबंधातून ऐरणीवर आणला. त्याच्या उत्तराला २००० साली दहा लाख डॉलरचं बक्षीस जाहीर झालं, आणि ते अजून कुणी नेलेलं नाही.

इतर शास्त्रांत नियतकालिकात छापलेल्या लेखाला जे वजन असतं, ते इथे परिषदेत निवडल्या गेलेल्या निबंधाला आहे. निबंध काही महिने आधी पाठवायचा, त्याच विषयातले जाणकार तो बारकाईनं वाचतात, आणि बहुतेक निबंध परत जातात. जे निवडले जातात त्यांच्या वाट्याला व्यासपीठावर थोडी मिनिटं येतात. या मिनिटांतून काय घडू शकतं, हे मला कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरी झालेल्या तीन अधिवेशनांवरून सांगायचं आहे.

पहिलं अधिवेशन १९९४ चं. त्यातला एक प्रश्न आपल्या लग्नघरात आणून बघू. पंगती दोन मांडायच्या आहेत आणि पाहुण्यांत काहींचं आपसांत पटत नाही. ज्यांचं पटत नाही अशा जास्तीत जास्त जोड्या वेगवेगळ्या पंगतींत बसवायच्या. समजा पाच जण गोलात उभे आहेत आणि प्रत्येकाचं दोन्हीकडच्या शेजाऱ्यांशी वाकडं आहे. एकूण भांडणं पाच. कसंही बसवा, फार तर चारच तुटतात, निदान एक तरी एका पंगतीत येतंच. पाच माणसांचं हे चटकन कळतं. माणसं पाच हजार झाली, की सर्वोत्तम वाटणी खात्रीनं आणि झटपट काढण्याची रीत कुणालाच माहीत नाही. नाणं उडवून बसवलं, तर सरासरीनं निम्मी भांडणं तुटतात.

मिशेल गोमन्स आणि डेव्हिड विल्यमसन यांनी त्या वर्षी निराळी वाट दाखवली. माणसांना आधी पंगतीत बसवूच नका, एका गोलाच्या पृष्ठभागावर बिंदू म्हणून ठेवा आणि भांडणारे एकमेकांपासून होता होईल तितके लांब सारा. आपले पाच जण एका वर्तुळावर असे स्थिरावतात, की भांडणाऱ्या प्रत्येक जोडीत १४४ अंशांचं अंतर पडतं. मग मध्यबिंदूतून वाटेल त्या दिशेनं एक काप द्यायचा. अलीकडचे एका पंगतीत, पलीकडचे दुसऱ्या. पाहुणे कितीही असोत, सर्वोत्तम वाटणीच्या निदान ०.८७८ पट फळ या रीतीनं सरासरी मिळतंच. ०.८७८ हा आकडा दिसायला आडमुठा आहे. त्याच्या पुढे जाता येईल असंच पुष्कळांना वाटत होतं.

दुसरं अधिवेशन २००२ चं, पुन्हा मॉन्ट्रियलला. इचलकरंजीत जन्मलेला आणि आयआयटी मुंबईतून पदवी घेतलेला सुभाष खोत तेव्हा प्रिन्स्टनला पीएच.डी. करत होता. त्याच्या निबंधात एक अटकळ होती. पुष्कळ समीकरणं घ्या, प्रत्येकात दोनच अज्ञातं, आणि एकाची किंमत ठरली की दुसऱ्याची आपोआप ठरते. सगळी समीकरणं एकदम सुटणारी असतील तर काम सोपं आहे: एका अज्ञाताला किंमत द्या, बाकीच्या ओळीनं ठरत जातात. पण शंभरातली नव्व्याण्णवच सुटत असतील तर? नव्व्याण्णव सुटणारा संच आणि जेमतेम एखादंच सुटणारा संच, या दोहोंतला फरक ओळखणंसुद्धा अवघड आहे, असं खोत यांनी मांडलं. सिद्धता नव्हती. होता तो नेमका मांडलेला प्रश्न.

पुढे २००४-०५ मध्ये खोत आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून दिसलं, की ही अटकळ खरी असेल तर पंगतींच्या प्रश्नात ०.८७८ च्या पुढे कुणालाही झटपट जाता येणार नाही. २००८ साली प्रसाद राघवेंद्र यांनी हाच न्याय अशा प्रश्नांच्या एका अख्ख्या कुळाला लावून दाखवला. विरोधातही जोरकस काम झालं. खोत यांचे गुरू संजीव अरोरा यांनी दोन सहकाऱ्यांसह २०१० साली समीकरणांचा हा प्रश्न अपेक्षेपेक्षा बराच लवकर सोडवणारी रीत दिली. तिनं अटकळ मोडली नाही, पण गुरूनं शिष्याच्या म्हणण्याला इतक्या कसोशीनं भिडावं, हे मला विद्येच्या निकोपपणाचं लक्षण वाटतं.

तिसरं अधिवेशन २०१७ चं, शहर तेच. तिथे खोत, डोर मिन्झर आणि मुली सफ्रा यांनी मांडलेल्या वाटेवरून २०१८ साली अटकळीच्या जवळची एक धाकटी अटकळ सिद्ध झाली. मूळची अजून उभी आहे.

यातून मला सांगायचं आहे ते एवढंच. २०१४ साली सोलच्या जागतिक गणित परिषदेत खोत यांना नेव्हानलिना पारितोषिक मिळालं, ते मुख्यतः हा प्रश्न मांडल्याबद्दल आणि त्याचा माग काढल्याबद्दल. आपण मुलांना उत्तरांचे गुण देतो. नेमका प्रश्न विचारणाऱ्याला गुण देण्याची सोय आपल्या परीक्षांत नाही, आणि ही उणीव मोठी आहे.

उपाय लांब नाही. भारतात याच विषयाची एफएसटीटीसीएस ही आंतरराष्ट्रीय परिषद १९८१ पासून दर वर्षी भरते. पुण्यात ती १९८७ आणि १९८८ मध्ये झाली, मुंबईत २००३ मध्ये. तिचे २००८ पासूनचे निबंध इंटरनेटवर कुणालाही फुकट वाचता येतात. इथे बसलेल्या प्राध्यापकांना माझी विनंती आहे: यंदा त्यातला एक निबंध आपल्या विद्यार्थ्यांसह वाचायला घ्या, आणि कळला नाही तिथे थांबून त्यांना प्रश्न लिहायला सांगा.