चहा केव्हा घ्यावा?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



विषयाचे नाव ऐकून काहीजणी हसल्या. चहावर बोलायचे काय, तो प्यायचा! मीही पिते, आणि तो सोडा असे सांगायला उभी राहिलेली नाही. चहाची वेळ चुकते, तेवढेच मला सांगायचे आहे.

चहाला नावे ठेवणारे पूर्वीपासून आहेत. गांधीजी 1942 साली पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध होते. तेथे त्यांनी आरोग्यावर जे पुस्तक लिहिले त्यात उकळलेल्या चहाला दोष दिला आहे. पत्ती गाळणीत ठेवून वरून कढत पाणी ओतावे, रंग फिका यावा, असे त्यांचे म्हणणे. असा चहा आपण पाहुण्यापुढे ठेवला तर पाहुणा पुन्हा यायचा नाही! पण फार उकळल्याने पत्तीतला तुरट अंश जास्त उतरतो, हे खरे आहे.

हाच तुरट अंश भाकरी, डाळ, पालेभाजी यांतल्या लोहाला पोटात धरून ठेवतो, रक्तात जाऊ देत नाही. 1975 साली प्रसिद्ध झालेल्या दक्षिण आफ्रिकेतल्या एका प्रयोगात भाताच्या जेवणाबरोबर चहा दिला, तेव्हा अंगी लागणारे लोह पुष्कळच घटले. आपलेही जेवण भाताचेच, म्हणून हे मला महत्त्वाचे वाटते. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या शंभर बायकांत 54 जणींना रक्त कमी होते. सारा दोष चहावर टाकणे अन्यायाचे होईल. पाळी, बाळंतपणे, जंत आणि सर्वांच्या मागून उरलेसुरले जेवणे, ही कारणे मोठी आहेत. पण आधीच थोडे मिळते, त्यातलेही चहाने अडवावे, हे परवडणारे नाही.

सर्वांत वाईट वाटते ते गोळीचे. आशाताई गरोदर बाईला लोहाची तांबडी गोळी देतात. ती रोज, 180 दिवस घ्यायची. पुष्कळजणी ती चहाच्या घोटाबरोबर गिळतात! गोळी पाण्याबरोबर घ्यावी, लिंबाचे पाणी असेल तर अधिक चांगले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली सांगितले आहे की जेवणाआधी तासभर आणि जेवणानंतर तासभर चहा घेऊ नये.

मग चहात गुण काहीच नाही का? आहे. थकवा उतरतो, डोके ताजे होते. विलायतेत सुमारे पाच लाख माणसांची नोंद ठेवली होती. रोज दोन किंवा अधिक कप चहा घेणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण थोडे कमीच दिसले, असे 2022 साली प्रसिद्ध झाले. ते चहामुळेच, असे त्यावरून सिद्ध होत नाही. पण चहाला विष म्हणणाऱ्यांनी हेही ऐकावे. मात्र कपाला दोन चमचे साखर धरली, तर पाच कपांत दहा चमचे होतात. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला सहा चमच्यांच्या आत राहिलेले अधिक चांगले म्हणते. आणि 65 अंशांहून गरम पेय अन्ननलिकेला घातक ठरण्याचा संभव आहे, असे 2016 साली जागतिक तज्ज्ञांनी सांगितले. बशीत ओतून पिणाऱ्या आपल्या आज्या शहाण्याच म्हणायच्या.

आपल्याकडे, हमरापुरात, जोह्यात गणपतीच्या कारखान्यांत हंगामात बाया रंगकामाला बसतात आणि रात्र चहावर काढतात. चहाने जाग राहते, पोट भरत नाही. मूठभर शेंगदाणे, चणे, गुळाचा खडा जवळ असू द्या. चहा त्यानंतर तासाभराने.

राहता राहिली न्याहारी. तांदळाची भाकरी चहात बुडवून खायची सवय एका दिवसात जायची नाही. निदान घरात गरोदर सून असेल, वयात आलेली मुलगी असेल, तर तिच्या भाकरीबरोबर वालाची उसळ किंवा लिंबू पिळलेली पालेभाजी वाढा. चहा तिला दहा वाजता, काम उरकल्यावर द्या. सासूबाईंनी स्वतः करून दिला तर फारच उत्तम!