संतोषाचा हिशेब



धनाविषयी भगवान बुद्धांनी गृहस्थाला दिलेली शिकवण व्यापाऱ्याला परकी वाटण्याचे कारण नाही. श्रावस्तीचा श्रेष्ठी अनाथपिंडिक हा त्यांचा अग्रगण्य उपासक. त्याला त्यांनी धनत्याग सांगितला नाही. गृहस्थाची चार सुखे सांगितली : न्यायार्जित धन असणे, त्यातून उपभोग व पुण्यकर्म करणे, ऋणमुक्त असणे आणि आचरण निर्दोष असणे. पहिली तिन्ही सुखे चौथ्याच्या सोळाव्या अंशाइतकीही नाहीत, असा त्यांचा निर्वाळा होता. शस्त्रे, जिवंत प्राणी, मांस, मद्य व विष यांचा व्यापार त्यांनी उपासकांना वर्ज्य ठरविला.

या विचाराचा जमाखर्च आपल्या महाराष्ट्रात दगडावर कोरलेला आहे. नाशिकच्या पांडवलेण्यातील शिलालेखानुसार क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने भिक्षुसंघासाठी ३,००० कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेवले. त्यांपैकी २,००० शेकडा एक व्याजाने होते. हा दर मासिक धरल्यास वर्षाचे व्याज २४० होते. आणि वर्षावासातील २० भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यावयाचे, म्हणजे नेमके तेवढेच! मुद्दल परत घ्यावयाचे नाही, केवळ व्याज वापरावयाचे, अशी अट होती. विणकरांना भांडवल मिळाले, भिक्षूंना वस्त्र मिळाले आणि मुद्दल अबाधित राहिले.

येथे गरजेचा आकडा आधी ठरला, हे महत्त्वाचे. तृष्णेच्या खातेवहीत शिल्लक कधीच निघत नाही, कारण तिला आकडाच ठाऊक नसतो. जैन श्रावकाचे परिग्रह-परिमाण व्रतही हेच सांगते : मर्यादा स्वतः ठरवा आणि ती पाळा.

मात्र संतोषाचा उपदेश दरिद्री माणसाला करू नये. ज्या नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी धम्मदीक्षा झाली, त्या नगरीने हे विसरू नये. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रकाशित झालेल्या ग्रंथात स्पष्ट केले आहे, की बुद्धांनी दारिद्र्याचा गौरव केला नाही.

म्हणून संतोष हे ज्याच्यापाशी आहे त्याचे व्रत होय. विवाहातील डामडौल, हप्त्यांवरची चैन, शेजाऱ्याशी चढाओढ यांतून ऋणमुक्तीचे सुख प्रथम हरपते. दिवाळीच्या वहीपूजनाला नफ्याबरोबर गरजेचाही आकडा मांडला जावा. त्यापलीकडचे धन विद्यार्थ्याच्या शुल्कात, रुग्णाच्या औषधात आणि कारागिराच्या भांडवलात फिरू लागेल, तेव्हा लक्ष्मी खऱ्या अर्थाने प्रसन्न झाली, असे म्हणता येईल.

जय जिनेंद्र!