देहात वसणारे भांगेचे भावंड
(वार्षिक संमेलनातील भाषण)



महाशिवरात्रीस शंकराच्या नावाने भांगेचा पेला पुढे करणारी मंडळी आपणांस परिचित आहेत. परंतु भांगेशी नाते सांगणारे द्रव्य आपल्या देहातच निर्माण होते, हे थोड्यांसच ठाऊक असेल.

भांगेतील मादक द्रव्य १९६४ साली इस्रायलमध्ये गाओनी व मेशुलाम यांनी शुद्ध करून त्याची रचना निश्चित केली. १९८८ साली अमेरिकेत अ‍ॅलिन हौलेट यांनी मेंदूत त्यास धरून ठेवणारे ग्राहक असल्याचे दाखविले. कुलूप सापडले, पण देहाने ते कोणत्या किल्लीसाठी घडविले? झाडाच्या पानासाठी खचितच नव्हे. १९९२ साली मेशुलाम यांच्या जेरुसलेम येथील प्रयोगशाळेत डुकराच्या मेंदूतून ती किल्ली हाती आली. संस्कृतातील 'आनंद' शब्दावरून तिचे नाव 'आनंदामाइड' ठेवले गेले. (आम्हांस संस्कृताचा विसर पडत असता परक्यांस ते आठवावे, ही मौजच!)

मज्जापेशींच्या संदेशांचा मारा अति झाला, म्हणजे ऐकणारी पेशी तत्क्षणी अशी द्रव्ये तयार करते. ती उलट दिशेने बोलणाऱ्या पेशीकडे जाऊन 'आता पुरे' असे सांगतात, आणि काम होताच विकरे त्यांचा नाश करतात. वेदना, भूक, भीती, स्मृती या सर्वांवर हा लगाम चालतो.

या लगामास हात घालणे मात्र सोपे नाही. ग्राहक बंद करणारे रिमोनाबंट हे औषध २००६ साली युरोपात स्थूलतेवर विकावयास आले. वजन उतरले, पण तेच ग्राहक मनाच्या प्रसन्नतेसही लागतात! रुग्णांत खिन्नता व आत्मघाताचे विचार आढळल्याने २००८ साली ते मागे घ्यावे लागले. फ्रान्समधील रेन येथे २०१६ साली आनंदामाइडचा नाश रोखू पाहणाऱ्या औषधाच्या चाचणीत एक निरोगी स्वयंसेवक दगावला. ते औषध इतर विकरांनाही ग्रासत होते, असे पुढील अभ्यासात दिसून आले.

आपल्यातील सांधेदुखीने गांजलेली वडीलधारी मंडळी भांगेच्या तेलाच्या जाहिराती मला आणून दाखवितात. अमेरिकेत २०१८ साली भांगेतीलच, परंतु मादक नसलेल्या कॅनाबिडिओलला मान्यता मिळाली, ती अपस्माराच्या दोन दुर्मिळ व तीव्र प्रकारांसाठी, मोजक्या मात्रेत, सांध्यांसाठी नव्हे.

सांध्यांच्या दाहाविषयी संशोधकांची दृष्टी १९९३ साली सापडलेल्या दुसऱ्या ग्राहकाकडे आहे. तो मुख्यतः रोगप्रतिकारक पेशींत असतो, म्हणून त्यावर चालणारे औषध उन्माद आणणार नाही, अशी आशा आहे. केवळ त्याच ग्राहकावर चालणारे एकही औषध अद्याप मान्यता पावलेले नाही.