घेताना ५४, देताना ५

(जिल्हा बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीत कापसाचा भाव, पीकविमा आणि वीजबिल हे तीन विषय ठरलेलेच होते. चौथा विषय कॉलेजात शिकणाऱ्या पोरापोरींच्या शिष्यवृत्तीचा ठेवला, तेव्हा आपल्यातल्याच काही जणांनी विचारले की हा मास्तरांचा विषय इथे कशाला? त्याला उत्तर सोपे आहे. जून-जुलैत आपल्या घरातून पैसा दोन वाटांनी जातो, एक बियाणे-खताच्या दुकानात आणि दुसरी कॉलेजच्या काउंटरवर. सावकाराकडून कशासाठी आणले म्हणून विचारले की आपण म्हणतो, पेरणीसाठी. खरे विचाराल तर निम्म्या घरी ते पोरीच्या होस्टेलसाठी आणलेले असतात.

आणि हा पैसा सरकारी योजनेत मिळण्यासारखा असताना मिळत नाही, म्हणून हा विषय.

आधी एक घर सांगतो. नाव-गाव सांगत नाही, त्या बापाला संकोच वाटेल. पोरगी हुशार, इंजिनिअरिंगला नंबर लागला, तोही सरकारी प्रवेश फेरीतून. कॉलेज शहरात, म्हणजे राहणे-जेवणे आले. घर सोडून व्यावसायिक शिक्षण घेणाऱ्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना २०१६ पासून आहे. तिच्यात अल्पभूधारकाच्या मुलांचा वेगळा गट आहे. अल्पभूधारक म्हणजे २ हेक्टरपर्यंत जमीन असलेला, आपल्या बोलीत ५ एकरवाला. बाप दाखला काढायला गेला. आठ-अ वर ११ एकर निघाले. बाबू म्हणाला, "तुम्ही कसले अल्पभूधारक? चला, पुढचा."

आता ते ११ एकर कसे होते ते ऐका. खाते आज्याच्या नावावर. आजा वारून नऊ वर्षे झाली, वारसनोंद नाही. भाऊ तीन, प्रत्येक जण आपापला तुकडा वाहतो. म्हणजे या बापाच्या वाट्याला साडेतीन एकराच्या थोडे वर. कायद्याने, व्यवहाराने, पोटाने, कसाही मोजा, तो अल्पभूधारकच. पण कागदावर मेलेला आजा ११ एकराचा धनी. पोरगी दिवाळीनंतर होस्टेल सोडून एसटीने येऊन-जाऊन शिकायला लागली, रोज दीडशे किलोमीटर. दुसऱ्या सत्रात दोन विषय राहिले. यात तिच्या अभ्यासाचा दोष किती आणि फेरफाराचा किती, ते तुम्हीच ठरवा.

म्हणून पहिली गोष्ट. वारसनोंद आणि वाटप ही भांडणे लागल्यावर करायची कामे आहेत असे आपण धरून चाललो आहोत. भाऊ एकमेकांशी बोलत असतील तोवरच ती होतात. जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली सगळ्या हिस्सेदारांच्या संमतीने तहसीलदाराकडून वाटप करून घेता येते. त्यासाठी कोर्टात जावे लागत नाही. ज्यांची पोरे यंदा दहावीला आहेत त्यांनी हे काम आजच काढावे, कारण फेरफाराला लागणारा वेळ आणि प्रवेशाची तारीख यांची गाठ आपल्याकडे कधी पडत नाही.

ही झाली कागदाची अडचण. ती आपण मनावर घेतली तर सुटते. पण समजा वाटप झाले आणि वाट्याला खरोखरच ८ एकर आले. मग काय? मग तो माणूस ५ एकराच्या वरचा, म्हणजे सरकारी हिशेबाने बरा माणूस. ४ एकर बारमाही पाण्याखालची असेल तर अल्पभूधारक आणि ८ एकर मुरमाड, पावसावरची असेल तर नाही! हे गणित कोणत्या शाळेत शिकवतात?

करून पाहू हे गणित. ८ एकर कोरडवाहू. ६ एकरात पऱ्हाटी, २ एकरात ज्वारी-तूर घरच्यासाठी. एकरी ४ क्विंटल कापूस धरू, म्हणजे २४ क्विंटल. २०२५-२६ च्या हंगामाचा मध्यम धाग्याचा हमीभाव ७,७१० रुपये. तो पूर्ण मिळाला असे धरू. (हसू नका, हिशेबासाठी धरू.) झाले १ लाख ८५ हजार ४० रुपये. वेचणी किलोला १० रुपये, गेले २४ हजार. आता बियाणे, खत, डवरणी, निंदण, तीन-चार फवारण्या, गाडीभाडे, कर्जाचे व्याज तुम्ही वजा करा. आम्ही करत नाही, कारण आमचा आकडा तुमच्यापेक्षा नेहमी कमीच निघतो. जे उरेल त्यात पाच माणसांचे वर्ष आणि शहरातल्या एका मुलाचे होस्टेल बसवून दाखवा.

कोणी म्हणेल, सरकारला कोरडवाहू आणि बागायत यातला फरक कळत नसेल. चांगला कळतो. कमाल जमीन धारणेचा १९६१ चा कायदा काढून बघा. १९७५ च्या दुरुस्तीनंतर त्यात बारमाही बागायतीला मर्यादा १८ एकर आहे आणि कोरडवाहूला ५४ एकर. तो कायदा बरा की वाईट हा आजचा विषय नाही, त्यावर आपण पुष्कळ बोललो आहोत. पण त्याने एक गोष्ट लिहून दिली आहे की १ एकर बागायत बरोबर ३ एकर कोरडवाहू. जमीन काढून घेताना हे प्रमाण सरकारच्या ध्यानात होते. देण्याची वेळ आली की सगळी जमीन सारखी!

आणखी एक कागद आहे. इतर मागास वर्गातल्या क्रीमी लेयरबद्दल केंद्राचा आदेश निघाला ८ सप्टेंबर १९९३ ला. त्यात शेतजमिनीचा निकष आहे, आणि त्यातच लिहिले आहे की कुटुंबाची सगळी जमीन कोरडवाहू असेल तर जमिनीच्या कारणाने त्याला वगळायचे नाही. किती एकर हा प्रश्नच नाही. म्हणजे १९९३ ला दिल्लीत कोणीतरी असा माणूस बसला होता ज्याने भेगाळलेले वावर पाहिले होते. पुढे जानेवारी २०१९ मध्ये आर्थिक दुर्बल घटकांचे निकष आले, तेव्हा तो माणूस निवृत्त झाला असावा. केंद्राच्या त्या निकषात कुटुंबाकडे ५ एकर किंवा जास्त शेतजमीन असली की उत्पन्न कितीही कमी असो, माणूस बाद. विहीर आहे का, कालवा आहे का, विचारायचेही नाही. केंद्राच्या संस्थेत त्या कोट्यातून जाऊ पाहणारा आपला पोरगा तिथेच अडतो.

ही ५ एकराची रेघ आपल्याला नवी नाही. २००८ च्या कर्जमाफीत २ हेक्टरच्या आतल्याला पूर्ण माफी होती आणि वरच्याला उरलेले कर्ज आधी भरून मग सूट. कोरडवाहू जिल्ह्यांत धारणा मोठी, म्हणून आपल्याकडचे किती तरी त्या रेघेच्या बाहेर राहिले. २०१९ मध्ये पीएम-किसान सुरू झाले तेव्हाही आधी २ हेक्टरचीच अट होती. निवडणूक झाल्यावर त्याच वर्षी जूनपासून ती काढली. रेघ पुसता येते हे यावरून दिसतेच.

बागायतदाराशी आपले भांडण नाही, हे इथेच सांगून ठेवतो. त्याच्या पोराला मिळते ते काढून आपल्याला द्या असे कोणी म्हणत नाही. आपली मागणी एका ओळीची आहे. शिक्षणाच्या प्रत्येक योजनेत जिथे जिथे २ हेक्टर लिहिले आहे, तिथे कोरडवाहूसाठी ६ हेक्टर लिहा. प्रमाण तुमच्याच कायद्यातले आहे. ठरावाचा मसुदा मागच्या टेबलावर आहे, सह्या करूनच जा.

आता मागणी मान्य होईपर्यंत पोरे थांबणार नाहीत, तेव्हा आहे त्यातून काय पदरात पडते ते पाहू.

बहुतेक योजना उत्पन्नाच्या दाखल्यावर चालतात. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, तिची मर्यादा अडीच लाख. खुल्या गटासाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजना, तिची ८ लाख. तिच्यात निम्मे शिक्षण शुल्क मिळते, पण एका घरातल्या दोनच मुलांना, आणि प्रवेश सरकारी फेरीतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला की संपले. एजंट हे सांगत नाही. मुलींसाठी २०२४-२५ पासून मोठी गोष्ट झाली आहे. आर्थिक दुर्बल, इतर मागास आणि एसईबीसी गटातल्या, ८ लाखांच्या आतल्या घरातल्या मुलींना सरकारी फेरीतून व्यावसायिक अभ्यासक्रमात प्रवेश मिळाला तर शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. तरीही काही कॉलेजे आधी पूर्ण फी भरा, नंतर परत करू असे म्हणतात. अशा वेळी वाद घालू नका. "हे आम्हाला लेखी द्या," एवढेच म्हणा. लेखी कोणी देत नाही, आणि मग सूर बदलतो.

उत्पन्नाच्या दाखल्यात दोन गोष्टींची गल्लत फार होते. नॉन-क्रीमी लेयरच्या दाखल्यासाठी उत्पन्नाची मर्यादा बघताना शेतीचे आणि पगाराचे उत्पन्न धरायचे नसते. शिष्यवृत्तीच्या उत्पन्नात मात्र शेतीचे धरतात. एका दाखल्याचा नियम दुसऱ्याला लावला की आपला माणूस फुकट बाद होतो, आणि टेबलापलीकडच्यालाही हे दर वेळी माहीत असतेच असे नाही. शेतीचे उत्पन्न तलाठी लिहितो, म्हणजे २०२४ पासूनचा ग्राम महसूल अधिकारी, आणि बहुतेक ठिकाणी तो एकरी अंदाजाने लिहितो. तुम्ही रिकाम्या हाताने गेलात तर दुसरे करणार काय? बाजार समितीची पट्टी, कापूस खरेदीची पावती, त्या वर्षीची गावाची पैसेवारी हे सोबत न्या. पन्नास पैशांच्या आत पैसेवारी असलेल्या गावात भरघोस उत्पन्न लिहायला कोणाचाही हात जड होतो.

पैसेवारीवरून आठवले. दुष्काळ जाहीर झाला की ज्या सवलती निघतात, त्यात परीक्षा शुल्काची माफीही असते. ऑक्टोबर २०१८ मध्ये १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, २०२३ मध्ये ४० तालुक्यांत. कर्जवसुलीच्या स्थगितीची चौकशी करायला आपण बँकेत गेलो. पोराच्या कॉलेजात किती जण गेलो? ही माफी मागितल्याशिवाय पुष्कळ ठिकाणी मिळत नाही.

बँकेचे एक सांगतो, नीट ऐका. शिष्यवृत्ती आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होते, विद्यार्थ्याच्या. पुष्कळ घरांत पोराचे खाते बापासोबत जोडखाते असते आणि बाप थकबाकीदार. पैसे आले आणि खाते होल्डवर, असे आपल्या जिल्ह्यात घडले आहे. पोराच्या एकट्याच्या नावाने खाते काढा, आधार त्याच खात्याला जोडा, आणि जोडले गेले हे बँकेत विचारून खात्री करा. नुसता फॉर्म दिला म्हणजे जोडले असे होत नाही. आधार, दहावीची गुणपत्रिका आणि दाखला या तिन्हींवर नाव एकाच पद्धतीने हवे. एका वेलांटीसाठी अर्ज परत येतो.

अर्ज दर वर्षी नव्याने, म्हणजे नूतनीकरणासाठी भरावा लागतो. पहिल्या वर्षी आली म्हणून दुसऱ्या वर्षी आपोआप येईल असे धरून बसलेली पोरे आम्ही पाहिली आहेत. अर्ज भरला की तो कॉलेजच्या लॉगिनला जातो, तिथून मंजूर होऊन पुढे समाजकल्याण किंवा शिक्षण खात्याकडे. बहुतेक अर्ज कॉलेजातच पडून राहतात. महिन्यातून एकदा पोराने स्वतः पोर्टलवर बघायचे, अर्ज कुठे आहे. वखर चालवल्यावर मागे वळून बघतो तसे.

शेतीशास्त्राकडे जाणाऱ्यांसाठी एक वेगळी शिष्यवृत्ती आहे. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या जागेवर आपल्या राज्याबाहेरच्या कृषी विद्यापीठात प्रवेश मिळवला तर नॅशनल टॅलेंट स्कॉलरशिप मिळते. बाहेर जायला आपली पोरे बिचकतात. बिचकू नये. पंजाबरावांच्या नावाने भत्ता आहे ते पंजाबराव याच कापसाच्या मुलखातल्या पापळचे. शिकायला पार एडिंबरो आणि ऑक्सफर्डला गेले, परत येऊन अमरावतीत शिक्षण संस्था उभारली आणि १९५२ ते १९६२ देशाचे कृषिमंत्री होते.

एक शेवटची शंका काल एका वडीलधाऱ्या माणसाने बोलून दाखवली. "आमच्या सात पिढ्यांत कोणी हात पसरला नाही, आता फीसाठी अर्ज करायचा?" काका, आपला कापूस ज्या भावाने गेला आणि ज्या भावाने जायला हवा होता, त्यातला फरक चाळीस वर्षे कोणी ठेवला? पोराची फी त्या बाकीतला एक चिल्लर हप्ता समजा. हात पसरतो तो देणेकरी, घेणेकरी नव्हे.

पुढच्या आठवड्यात प्रत्येक तालुक्याला बाजार समितीच्या आवारात आपले कार्यकर्ते दोन दिवस बसतील. येताना सातबारा, आठ-अ, मागच्या हंगामाच्या पट्ट्या, आधार, बँकेचे पासबुक आणि पोराची गुणपत्रिका आणा. रेशनकार्डही आणा, नावे जुळवायला लागते. आणि पोराला किंवा पोरीला सोबत आणा, नुसते कागद पाठवू नका. अर्जाचा पासवर्ड तिच्याच वहीत लिहिला गेला पाहिजे, केंद्रवाल्याच्या नको.